सेन्सर बदलला तरी इंजिनचा पिवळा दिवा परत का लागतो?

८५ हजार किलोमीटर झालेली बाईक, ऑक्सिजन सेन्सर (धुरातला ऑक्सिजन मोजणारा) नवा टाकला, तरी आठवड्यात दिवा परत, असं तुम्ही लिहिलंय. आता दुसरा सेन्सर घेऊ नका. स्कॅनरवर त्या सेन्सरचा बिघाडाचा कोड आला म्हणजे सेन्सरच गेला असं नसतं. त्याच्या सर्किटमधून येणारा सिग्नल इसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कंप्युटरला, पटलेला नसतो, एवढंच.

आपल्या किनाऱ्यावर माझा पहिला संशय कनेक्टरवर, म्हणजे सेन्सरची वायर जिथे जोडतात त्या प्लगवर. माझी गाडी मालवणात, घराच्या पडवीत उभी असते. तिचाही दिवा असाच लागायचा. कनेक्टर उघडला तर एका पिनेवर हिरवट बुरशीसारखा थर! खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस, तांब्याचं दुसरं काय होणार? कॉन्टॅक्ट क्लीनर मारून, सुकवून, डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल आत जाऊ न देणारं) लावलं, दिवा गेला.

तुम्ही आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा, मग कनेक्टर बघा. हँडलच्या मानेपाशी वायरिंग वळून वळून आतून तुटते, तीही तपासा. मग निगेटिव्ह परत जोडून, इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे फिरवा. आयडलिंग अडखळलं तर दोष तिथेच. अर्थिंगचा बोल्ट घासून घट्ट करा.

आणि सायलेन्सरचा जोड नक्की बघा. सेन्सरच्या आधी गंजून बारीक भोक पडलं की बाहेरची हवा आत ओढली जाते, चांगला सेन्सरही मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्याचं सांगतो. जोडाभोवती काळी काजळी दिसली तर आधी गॅस्केट बदला, मगच कोड पुसा.