दोन नावं जोडली की झाला का नवा विषय?

प्रश्न: मुलगी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी झाली, आता बायोइन्फर्मॅटिक्स करायचं म्हणते. आमच्या वेळी असलं काही नव्हतं. हे विषय काढतं कोण? की दोन नावं जोडायची नि कोर्स चालू करायचा? – एक वाचक, सांगली

उत्तर: शंका रास्त आहे, फक्त ब्रोशरपुरते जोडलेले विषयही असतातच. पण बायोइन्फर्मॅटिक्स, म्हणजे जीवशास्त्रातला डेटा कॉम्प्युटरने हाताळायचा विषय, त्यातला नाही, तो अडचणीतून आलाय.

ब्रिटिश शास्त्रज्ञ सँगरने १९५०च्या दशकात इन्सुलिन या प्रथिनातल्या ५१ अमिनो आम्लांचा (माळेतले मणी म्हणा) क्रम लावला आणि मग एकेका प्रथिनाचे क्रम येतच राहिले. प्रथिनाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वाचायचा आणि कुठला कशाला जुळतो ते बघत बसायचं, फाटलेलं पत्र जोडावं तसं. हाताने करायचं म्हणजे डोकं उठणार! इथे मार्गारेट डेहॉफ येतात, पीएचडी क्वांटम केमिस्ट्रीची, पंचकार्डांवर (तेव्हा कॉम्प्युटरला माहिती द्यायची भोकांची कार्डं) गणितं करायची सवय, आणि जोडीला रॉबर्ट लेडली, जो मुळात डेंटिस्ट (हो, दातांचा डॉक्टर). १९६२ला दोघांनी तुकडे जुळवायचा प्रोग्रॅम केला आणि १९६५ला प्रथिनांचा ॲटलास, म्हणजे माहीत असलेल्या क्रमांचा संग्रह, निघाला, त्यात ६५ प्रथिनं. अमिनो आम्लांची तीन-तीन अक्षरी नावं कॉम्प्युटरला जड व्हायची म्हणून डेहॉफबाईंनी एकेकच अक्षर ठेवलं. 'टी' थ्रिओनिनने पटकावलेलं, मग ट्रिप्टोफॅनला 'डब्ल्यू' दिलं, त्याच्या रेणूत दोन वलयं, तर अक्षरही तसंच ऐसपैस. तुमची मुलगी आजही तेच लिहिणार.

तेव्हा याला ना नाव ना डिपार्टमेंट. उलट दुसऱ्यांचा डेटा गोळा करणं हे कसलं संशोधन, असं बायोलॉजीवाले म्हणायचे. बायोइन्फर्मॅटिक्स हे नाव १९७०ला हॉलंडमध्ये होगेवेग आणि हेस्पर यांनी काढलं, पण त्यांना म्हणायचं होतं वेगळंच, सजीवांमध्ये माहितीची देवाणघेवाण कशी चालते ते. या कामाला ते नाव नंतर चिकटलं. १९८२ला डीएनएची सरकारी डेटाबँक, जेनबँक, करायची वेळ आली तर काम डेहॉफना मिळालंच नाही, मिळालं अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेला, म्हणजे अणुबॉम्बवाल्यांना! पुणे विद्यापीठात या विषयाचं सेंटर आलं १९८७ला, म्हणजे ॲटलासनंतर २२ वर्षांनी. आधी काम, मग नाव, आणि डिपार्टमेंट सगळ्यात शेवटी.

तेव्हा नावावर जाऊ नका, सिलॅबस मागवा. प्रोग्रॅमिंग आणि स्टॅटिस्टिक्स मुलांकडून खरंच करून घेतात का ते तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना विचारा, आणि मुलीला आत्तापासून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला लावा.