वय झालं, शेती विकू का ठेवू? आधी इसार घेऊ नका

प्रश्न (आष्टी तालुका, जि. बीड): वय ६७, चार एकर जिरायत, विहिरीत अर्धा हिस्सा. गुडघे गेलेत, मुलगा पुण्यात, गावी येणार नाही म्हणतो. एजंट म्हणतोय आत्ताच भाव आहे, पुढच्या वर्षी कुणी विचारणार नाही. काय करू?

उत्तर: काका, इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) घेऊ नका. "आत्ताच भाव आहे" हे मी दुष्काळातही ऐकलंय आणि चांगल्या पावसाच्या सालीही ऐकलंय, एजंटला भावाशी काय देणंघेणं, त्याला दोन्हीकडून टक्का पाहिजे. फवारणीच्या औषधाच्या दुकानदारासारखंच, लेबलवर पंपाला १० मिली लिहिलेलं असताना तो ३० सांगतो, कारण बाटली संपली पाहिजे.

चारही एकर विकणं हा असाच ओव्हरडोस. मराठवाड्याला लागू असलेल्या १९५० च्या हैदराबाद कुळकायद्याच्या कलम ४७ मुळे शेतकरी नसलेल्याला आपल्याकडे शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही, सातबाऱ्यावरून नाव गेलं आणि उद्या नातवाला परत घ्यावी वाटली तर बसा शेतकरी असल्याच्या दाखल्यासाठी चकरा मारत. आणि लग्नाच्या नाहीतर दवाखान्याच्या तोंडावर तर विकूच नका, तुमची घाई दिसली की भाव समोरचा ठरवतो.

अगदीच पैसा लागला तर लांबचा तुकडा काढा, विहिरीकडचा नाही. तुकडा २० गुंठ्यांच्या खाली नको, आधी मोजणी, बहिणींची नावं बघा, जमीन भोगवटादार वर्ग २ ची (सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणारी) असेल तर परवानगी. त्याच्या आधी इसार नाही म्हणजे नाही.

दुसरी चूक, मुलाला बक्षीसपत्र करून मोकळं होणं. करायचंच तर आमचा सांभाळ करायचा ही अट त्यात लिहून घ्या, म्हणजे २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने प्रांताधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. शिवाय जमीन मुलाच्या नावावर गेली की तुमचा पीएम किसानचा हप्ता बंद होतो आणि मुलालाही मिळत नाही.

माझं विचाराल तर दोन एकर सीताफळ लावा. बालाघाटाच्या मुरमाड रानात त्याच्यासारखं म्हाताऱ्या माणसाचं पीक नाही, शेळी तोंड लावत नाही, पाच बाय पाच मीटरवर एकरी १६० झाडं, पहिली दोन-तीन वर्षं उन्हाळ्यात पाणी जपायचं, चौथ्या-पाचव्या वर्षी फळ सुरू आणि बाग व्यापाऱ्याला उक्ती देता येते. रोपं सरकारी नाहीतर कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेतूनच आणा. पिठ्या ढेकणासाठी (फळावरची पांढरी कीड) दुकानदार दर आठवड्याला फवारा म्हणेल, ऐकू नका, आधी खोडाला चिकट पट्टी बांधा. रोजगार हमीतून फळबागेला अनुदान आहे, जॉबकार्ड लागतं, बाकी कृषी सहाय्यक सांगतील.

उरलेलं रान अर्धेलीने (निम्म्या वाट्याने कसायला) द्या पण लिहून, आणि ई-पीक पाहणी तुमच्याच नावाने करा. कोऱ्या स्टॅम्पवर सही करायची नाही, अर्धेलकरी भाऊबंद असला तरी.

ऑफिसला या एकदा. येताना सातबारा, आठ-अ आणि जुने फेरफार आणा, एजंटला आणू नका.