राखीव नव्हे, रिव्हर्सचा दिवा

प्रश्न : ताई, माझ्या मोटारीच्या पुस्तिकेत बल्बांचा तक्ता आहे. हेडलॅम्प, इंडिकेटर, टेल लॅम्प आणि त्याखाली 'बॅकअप लाइट'. मुख्य दिवा गेला तर कामी येणारा हा राखीव दिवा असणार, असं धरून मी गाडीभर शोधला. डिकीतली चटईसुद्धा उचलून पाहिली. हा दिवा असतो तरी कुठे?

उत्तर : चटई परत अंथरा. तो दिवा तुमच्या रोजच्या वापरातला आहे. गाडी रिव्हर्समध्ये टाकली की मागे पांढरा उजेड पडतो ना, तोच. ब्रिटिश इंग्रजीत त्याला रिव्हर्सिंग लाइट म्हणतात, अमेरिकी इंग्रजीत बॅकअप लाइट, कारण तिकडे गाडी मागे घेण्याला 'बॅक अप' करणं म्हणतात. मराठीत मात्र 'बॅकअप' आला तो फायलींची जादा प्रत आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी घेऊन. त्यामुळे तो शब्द दिसला की आपल्याला राखीव साठाच आठवतो.

तुम्हाला हसायचा मला अधिकार नाही. अनुवादाच्या कामाला लागले तेव्हा माझ्याकडे आलेली पहिली मोठी पुस्तिका एका मालवाहू गाडीची होती. तक्त्यात 'बॅकअप लाइट' आला आणि मी 'राखीव दिवा' लिहून मोकळी झाले. मजकूर तपासायला एका जुन्या फोरमनकडे गेला. त्यांनी शब्दावर काट मारली नाही. समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं : 'हा राखीव असेल तर रिव्हर्स घेताना काय लागतं?'

दुसऱ्या दिवशी ते मला गाडीपाशी घेऊन गेले. गाडीची पाठ भिंतीकडे होती. त्यांनी किल्ली फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही. "मॅडम, भिंतीकडे बघा," म्हणाले आणि गियर टाकला. भिंतीवर दोन पांढरे धब्बे उमटले. गियर काढला, धब्बे गेले. चार-पाच वेळा हाच खेळ केला. मग खाली वाकायला लावून गियरबॉक्सवर बसवलेला अंगठ्याएवढा स्विच दाखवला. रिव्हर्स पडला की आतला दांडा सरकून त्या स्विचची घुंडी दाबतो आणि दिव्याला वीज मिळते. झालं. (जाता जाता : दोन्ही बाजूंचे दिवे एकदम बंद पडले तर बल्ब विकत आणायची घाई करू नका. आधी फ्यूज आणि मग हा स्विच बघा. दोन बल्ब एकाच दिवशी क्वचित जातात.)

त्या भिंतीपुढे माझी आणखी एक चूक माझ्या लक्षात आली, आणि ती मला पहिलीपेक्षा मोठी वाटते. पुढच्या एका पानावर मी लिहिलं होतं, 'गाडी मागे घेण्यापूर्वी दिवा लावावा.' लावणार कसा? त्याला बटणच नाही. हेडलॅम्प आपण लावतो. हा दिवा लागतो. ब्रेकचा दिवाही लागतो. मराठीने 'लावणे' आणि 'लागणे' असे दोन वेगळे धातू हातात दिलेले असताना ते एकमेकांच्या जागी वापरले, की वाचणारा डॅशबोर्डवर नसलेलं बटण शोधत बसतो. संयुक्त राष्ट्रांचा वाहनांच्या दिव्यांविषयीचा ४८ क्रमांकाचा नियमही हेच मागतो : रिव्हर्स गियर पडलेला असेल आणि इंजिन चालू असेल किंवा चालू होण्याच्या स्थितीत असेल, तरच हा दिवा लागावा.

आता शब्दाचं. 'मागचा दिवा' चालणार नाही, कारण मागे टेल लॅम्प, ब्रेक लाइट, इंडिकेटर, नंबर प्लेटचा दिवा अशी सगळी गर्दी आहे. 'बॅकलाइट' म्हटलं तर निम्मे लोक टेल लॅम्प समजतात, उरलेले मोबाइलचा पडदा. एका बैठकीत 'प्रतिगामी दीप' सुचवला गेला होता. मी म्हटलं, प्रतिगामी म्हटल्यावर डोळ्यांपुढे माणसं येतात, मोटारी येत नाहीत. मग कुणीतरी 'माघार दिवा' काढला. आधीच उजेड पांढरा, त्यात माघार; गाडीने शरणागतीच पत्करली म्हणायची.

मी 'रिव्हर्सचा दिवा' लिहिते. बोलताना लोक 'रिव्हर्स लाइट' म्हणतात, तेही मला मान्य आहे. गाडी 'मागे घे' आणि 'रिव्हर्स घे' ही दोन्ही वाक्यं आपण एका श्वासात बोलतो, आणि गियरच्या मुठीवर तर आरच कोरलेला आहे. तिथे दुसरं अक्षर काही आपण कोरणार नाही.

प्रश्न : माझ्या गाडीला रिव्हर्सचा दिवा एकाच बाजूला लागतो. दुसरा बल्ब उडाला आहे का?

उत्तर : उडालाच असेल असं नाही. दुसऱ्या बाजूला नेमकी तीच जागा पाहा. तिथे लाल काच असेल तर तो मागचा फॉग लाइट आहे आणि तुमची गाडी ठणठणीत आहे. काच पांढरी असून अंधार असेल, तर बहुधा बल्ब. वर सांगितलेल्या नियमात मोटारीला रिव्हर्सचा एकच दिवा सक्तीचा आहे, दुसरा ऐच्छिक. ६ मीटरपेक्षा लांब ट्रक-बसना मात्र दोन लागतात. डावीकडून वाहतूक चालते तिथे फॉग लाइट एकटाच असेल तर तो उजव्या अंगाला असावा लागतो. म्हणून रिव्हर्सचा एकटा दिवा बहुतेक वेळा डावीकडे सापडतो.

प्रश्न : पुढे उभ्या असलेल्या गाडीचा पांढरा दिवा लागला म्हणून मी थांबले, तर ती पुढे निघून गेली. असं का?

उत्तर : ती ऑटोमॅटिक असणार. तिच्या दांड्यावर पार्किंग, रिव्हर्स, न्यूट्रल, ड्राइव्ह अशी रांग असते. पहिल्यावरून शेवटच्यावर जाताना वाटेत रिव्हर्स ओलांडावा लागतो आणि तेवढ्यात दिवा लुकलुकून जातो. तुम्ही थांबलात ते बरोबरच केलंत. नियमातल्या व्याख्येत या दिव्याची कामं दोन : मागचा रस्ता उजळायचा, आणि गाडी मागे येत आहे किंवा येण्याच्या बेतात आहे हे इतरांना कळवायचं. त्या 'बेतात'मुळेच चाक हलण्याआधी आपण सावध होतो. उजेड पांढरा ठेवण्याचा फायदाही इथे दिसतो. लाल दिवा म्हणजे गाडीची पाठ, पांढरा म्हणजे तोंड, ही आपल्या डोळ्यांची सवय. पाठीवर पांढरा दिसला की गाडीची दिशा बदलल्याचं वेगळं सांगावं लागत नाही.

माझा राग आहे तो वेगळ्याच सोयीवर. काही गाड्यांची दारं दुरून रिमोटने उघडली की मालकाला वाट दिसावी म्हणून हे दिवे लागतात. उजेड छान पडतो, पण आत माणूसही नसलेली गाडी पार्किंगमध्ये 'मी मागे येतेय' म्हणत उभी असते, आणि मी तिच्यामागे ब्रेकवर पाय ठेवून वाट बघत बसते.