त्या दिवशी तुम्ही कुठे होता?

प्रश्न : ११ सप्टेंबर २००१ रोजी मी नोकरीनिमित्त अमेरिकेत होतो. कार्यालयाच्या उपाहारगृहातल्या टीव्हीसमोर मी कॉफीचा कागदी पेला घेऊन उभा होतो, पहिले विमान न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांपैकी एकावर आदळताना मी पाहिले आणि पेला हातात इतका आवळला गेला की झाकण निघून कॉफी मनगटावर सांडली, असे मी गेली अनेक वर्षे मुलीला सांगत आलो आहे. परवा तेव्हाच्या एका सहकाऱ्याशी फोनवर बोलणे झाले. तो म्हणाला, “अरे, आपण दोघे साडेनऊपर्यंत बैठकीत होतो. बाहेर आलो तेव्हा दोन्ही मनोरे जळत होते.” तेव्हापासून मनाला चैन नाही. मी इतकी वर्षे मुलीला खोटे सांगितले का? आणि ते विमान मी पाहिलेच नसेल, तर ते आजही डोळ्यांसमोर इतके स्वच्छ कसे उभे राहते?

उत्तर : तुम्ही खोटे बोलला नाहीत, हे आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रातली खरी बोच तीच आहे. जे आपल्याला आठवते तेच सांगणारा माणूस खोटारडा ठरत नाही. मात्र पहिल्या विमानापुरते तुमचे चुकले आहे, आणि ते सहकारी म्हणतात म्हणून नव्हे. पहिले विमान उत्तरेकडच्या मनोऱ्यावर सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी आदळले, तेव्हा असे काही घडेल याची कल्पनाच कोणाला नसल्यामुळे कोणतीही वाहिनी ते दृश्य थेट दाखवत नव्हती. अग्निशमन दलावर माहितीपट करणाऱ्या फ्रेंच चित्रपटकारांच्या कॅमेऱ्यात ती धडक योगायोगाने टिपली गेली, पण ते चित्रण त्या सकाळी टीव्हीवर आलेच नाही. ते नंतर दाखवले गेले. ९ वाजून ३ मिनिटांनी दुसरे विमान आले तोवर सगळे कॅमेरे मनोऱ्यांकडे वळलेले होते, म्हणून ती धडक लाखो लोकांनी थेट पाहिली. पुढे ही दृश्ये इतक्या वेळा दाखवली गेली की मनाने त्यांची आपल्या परीने क्रमवार मांडणी केली : आधी पहिले, मग दुसरे. पाहणारा मात्र तोच ठेवला, तुम्ही.

या चुकीत तुम्ही एकटे नाही. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनीही, आपण फ्लोरिडातल्या शाळेत वर्गाबाहेर थांबलो असताना पहिले विमान आदळताना टीव्हीवर पाहिले, असे त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये जाहीरपणे सांगितले होते. त्यावरून कटाच्या कितीतरी कहाण्या रचल्या गेल्या. वास्तविक ती तुमच्यासारखीच चूक होती, आणि अवघ्या तीन महिन्यांत झालेली.

अशा आठवणींना मानसशास्त्रात ‘फ्लॅशबल्ब मेमरी’ म्हणतात. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या संशोधकांनी १९७७ साली हा शब्द रूढ केला. कॅमेऱ्याचा दिवा लखकन उजळावा आणि समोरचे सगळे, कामाचे आणि बिनकामाचेही, छायाचित्रात उमटावे, तशी धक्कादायक बातमी ऐकतानाचा क्षण मेंदूवर उमटतो, अशी त्यांची कल्पना होती. ती पटण्यासारखी आहे, कारण आपल्या प्रत्येकाचा अनुभव तसाच वाटतो. पण ज्यांनी ती तपासून पाहिली त्यांना काही वेगळेच आढळले. उल्रिक नाइसर या मानसशास्त्रज्ञाला तर आधी स्वतःच्याच आठवणीत खोट सापडली. पर्ल हार्बर या अमेरिकी नौदल तळावर जपानने केलेल्या हल्ल्याची, म्हणजे ७ डिसेंबर १९४१ ची बातमी आपण कशी ऐकली हे त्याला लख्ख आठवत असे : तो लहान होता, दिवाणखान्यात बसून रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होता, सामना थांबवून बातमी सांगितली गेली आणि तो आईला सांगायला धावत माडीवर गेला. ही आठवण त्याने कित्येक वर्षे सांभाळली, आणि मग एके दिवशी त्याच्या ध्यानात आले की डिसेंबरात बेसबॉलचे सामने होतच नाहीत. पुढे इतरांनी शोधून काढले की त्या दुपारी अमेरिकी फुटबॉलच्या एका सामन्याचे प्रक्षेपण खरोखरच चालू होते. म्हणजे रेडिओ खरा होता, थांबलेला सामनाही बहुधा खरा होता. खेळ तेवढा बदलला होता.

याच नाइसरने २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत नष्ट होऊन सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी निकोल हार्श हिच्यासह विद्यार्थ्यांकडून एक प्रश्नावली लिहून घेतली : बातमी कुठे कळली, कोणाकडून, तेव्हा काय करत होता. सुमारे अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले, तेव्हा ११ जणांचे एकही मुख्य उत्तर पहिल्याशी जुळले नाही. एका विद्यार्थिनीने आधी लिहिले होते की वर्गात काही जण बोलत आत आले तेव्हा कळले. नंतर ती खात्रीने सांगत होती की मैत्रिणीबरोबर वसतिगृहात टीव्हीसमोर बसलेली असताना बातमी आली. मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट याच्या पुढची आहे. या विद्यार्थ्यांसमोर त्यांच्याच हस्ताक्षरातले जुने कागद ठेवले, तरी मूळ आठवण कोणालाही परत सापडली नाही. नवी आठवण जुनीच्या जागी बसली होती, आणि जुनी कुठेच उरली नव्हती.

मग ते विमान इतके स्वच्छ का दिसते, हा तुमचा दुसरा प्रश्न. स्वच्छ दिसणे आणि खरे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जेनिफर टालारिको आणि डेव्हिड रुबिन यांनी १२ सप्टेंबर २००१ रोजीच ५४ विद्यार्थ्यांकडून आदल्या दिवसाची आठवण आणि शेजारी नुकत्याच घडलेल्या एखाद्या साध्या प्रसंगाची आठवण लिहून घेतली. पुढे तपासले तेव्हा दोन्ही आठवणी सारख्याच प्रमाणात ढळलेल्या निघाल्या. फरक एवढाच होता की साध्या प्रसंगाबद्दलची खात्री दिवसांगणिक कमी होत गेली आणि त्या भीषण दिवसाबद्दलची खात्री मात्र जराही हलली नाही. आपण अशी आठवण वारंवार सांगतो, दर सांगण्यात ती थोडी घोटली जाते, आणि घोटून गुळगुळीत झालेल्या गोष्टीचा पुढे पुढे आपल्यालाच जास्त भरवसा वाटू लागतो. तीन हजारांहून अधिक अमेरिकी लोकांच्या याच दिवसाच्या आठवणींचा दहा वर्षे मागोवा घेतला गेला, त्यातही दिसले की जी पडझड व्हायची ती बहुतांशी पहिल्या वर्षातच होते. नंतर आठवण स्थिर होते, पण चुकांसकट.

कॉफीच्या पेल्याबद्दल मी काहीच म्हणणार नाही. ती सांडली असेल. मनगटावरचा चटका खोटा ठरवायला माझ्याकडे काही आधार नाही, आणि तुमच्या सहकाऱ्याकडेही नाही. त्यांची ‘साडेनऊ’सुद्धा आठवणच आहे, तिलाही वर सांगितलेले सगळे लागू पडते. निवाडा हवाच असेल तर तो त्या दिवशीच्या कागदांतून होईल. त्या दिवशी फोन लागत नव्हते म्हणून अनेकांनी घरी ई-मेल पाठवले. तुम्ही पाठवला असेल आणि कोणी जपून ठेवला असेल तर तो शोधा. मुलीलाही हे सगळे सांगा, अगदी नाइसरच्या बेसबॉलसकट. वडिलांची आठवण चुकली हे कळल्याने तिच्या लेखी त्या दिवसाचे मोल उणे होणार नाही. त्या सकाळी तुम्ही तिथल्या माणसांमध्ये होता, सुन्न होता, घरी निरोप पोचावा म्हणून धडपडत होता, हे सारे त्या एका दृश्यावाचून उभे राहू शकते.

प्रश्न : चारचौघांत अशा दिवसांचा विषय निघाला की प्रत्येक जण आपण कुठे होतो ते सांगतो. मला मात्र काहीच आठवत नाही. मी गप्प बसते आणि मनात खंत वाटते. माझ्यात संवेदना कमी आहेत का?

उत्तर : मुळीच नाही. या विषयावरच्या सर्वांत जुन्या अभ्यासांपैकी एक १८९९ साली एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह यांनी प्रसिद्ध केला. लिंकन यांची हत्या झाली (१८६५) तेव्हा आपण कुठे होतो, हे त्यांनी १७९ जणांना विचारले. १२७ जणांनी तपशील सांगितले, आणि पुस्तकांत नेहमी तेवढेच येते. पण उरलेल्या ५२ जणांना सांगता आले नाही, आणि त्यांना आपल्या अध्यक्षाचे दुःख नव्हते असे कोणी म्हणणार नाही. आठवण राहते की नाही हे बरेचसे यावर ठरते की त्या घटनेने स्वतःच्या आयुष्यात काय हलले. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे नेते मार्टिन लूथर किंग यांची हत्या (४ एप्रिल १९६८) ऐकतानाचा क्षण ब्राउन आणि कुलिक यांना ४० कृष्णवर्णीयांपैकी ३० जणांनी सांगितला, तर ४० गौरवर्णीयांपैकी केवळ १३ जणांनी. शिवाय ज्यांनी आपली हकीकत पुन्हा पुन्हा सांगितली, त्यांची टिकून राहिली. तुम्ही तेव्हा कोणाला सांगितली नसेल, एवढेच. तुम्ही त्या बैठकीत ऐकणाऱ्या व्हा. सांगणाऱ्याला ऐकणारे लागतेच, आणि आपली हकीकत नसलेला माणूस दुसऱ्याची अधिक मनापासून ऐकतो, असे मी पाहिले आहे.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. माझ्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला असा दिवस येऊ नये, पण आलाच तर त्यांची आठवण खरी राहावी म्हणून काय करता येईल?

उत्तर : चोवीस तासांच्या आत लिहून घ्या, आणि वर्गात चर्चा होण्याआधी, कारण एकाची हकीकत ऐकली की ती दुसऱ्याच्या आठवणीत मिसळू लागते. प्रत्येकाने वेगळ्या कागदावर, स्वतःच्या हाताने लिहावे : मी कुठे होतो, काय करत होतो, कोणी सांगितले, सांगणाऱ्याचा चेहरा कसा होता, जवळ कोण होते, मला काय वाटले, पुढच्या तासाभरात मी काय केले. यांतल्या ‘काय वाटले’ या प्रश्नाला पुरेशी जागा ठेवा. स्थळ आणि सांगणारा यांच्यापेक्षा तेव्हाची भावनाच लवकर विसरली जाते, असे ११ सप्टेंबरच्या त्या मोठ्या अभ्यासात आढळले आहे. शुद्धलेखन तपासू नका, कागदावर तारीख आणि वेळ घाला, पाकीट बंद करून ज्याचे त्याला द्या. पाकिटावर एक सूचना मात्र ठळक लिहा : हे उघडण्यापूर्वी, आज जे आठवते आहे ते आधी दुसऱ्या कागदावर लिहून काढावे.