जबडा हलवण्याआधी एक चकती कापून मोजा

तुमची अडचण मला कळली ती अशी: मडगावच्या वर्कशॉपमध्ये चार बाय सहा इंची छोटी बँडसॉ (गोल फिरणाऱ्या पट्टी-ब्लेडची धातू कापायची करवत) घेतली, ५० मिमीचा एमएस (माइल्ड स्टील) बार कापला की गुण्याखाली दीड मिमीची फट राहते, आणि व्हाइसचा जबडा तीनदा हलवूनही ती जात नाही. आता जबड्याला हात लावू नका.

काप दोन तऱ्हांनी तिरका जातो. पुढून मागे तिरका असेल तर दोष जबड्याचा. वरून खाली पळत असेल तर ब्लेडचा किंवा त्याच्या गाइडचा, म्हणजे ब्लेडला दोन्ही अंगांनी सरळ धरणाऱ्या बेअरिंगांच्या जोडीचा. बहुतेक जण हे न तपासताच पाना हातात घेतात.

बारचं तोंड कापून घ्या, मग बार व्हाइसमध्ये १८० अंश फिरवून १५ मिमीची चकती कापा. ती सुटण्याआधी वरच्या बाजूला खडूची खूण करा. न फिरवता कापलीत तर दोन्ही तोंडं सारखीच तिरकी होतात, चकती सगळीकडे एकाच जाडीची भरते आणि मशीन ठीक असल्याचा भास होतो. फिरवून कापलेल्या चकतीत मात्र चूक दुप्पट होऊन दिसते. व्हर्नियरने वर, खाली, पुढे, मागे अशी मोजा.

वर-खाली फरक आला तर आधी तोंड बघा. तोंडाला पोट आलं असेल तर ब्लेड ढिलं आहे किंवा कमानीचं (ब्लेड धरून खाली येणाऱ्या भागाचं) वजन जास्त पडतंय. ब्लेड ताणा, कमान तोलणारी स्प्रिंग थोडी घट्ट करून वजन उचला. तोंड सपाट पण तिरकं असेल तर गाइड बघा. प्लग काढा, कमान खाली आणा, बेडवर छोटा गुण्या उभा करून ब्लेडच्या सपाट अंगाला लावा. दातांना टेकवू नका, ते बाहेर वाकलेले असतात. दोन्ही गाइडजवळ तपासा आणि गाइडचा एक्सेंट्रिक बोल्ट (फिरवला की बेअरिंग सरकवणारा) किंचित फिरवून ब्लेड काटकोनात आणा. दोन्ही गाइड बारच्या जितके जवळ सरकतील तितके सरकवा, यानेच निम्मं काम होतं.

गाइडची बेअरिंगं हाताने फिरवून बघायला विसरू नका. आमच्या कुंडईच्या शेडमध्ये एका पावसाळ्यात मशीन महिनाभर बंद होती. चतुर्थीनंतर सुरू केली तर प्रत्येक काप आत पळू लागला. दोन दिवस जबड्यावर घालवल्यावर सापडलं की एक बेअरिंग गंजून अडकलंय आणि ब्लेडने त्यावर खाच पाडलीय. आपल्या दमट हवेत हे दर वर्षी तपासावंच.

ब्लेडही संशयाबाहेर नाही. एका बाजूचे दात बोथट झाले की ते धारदार बाजूकडे ओढतं, मग गाइड कितीही लावा. ५० मिमीच्या भरीव बारला इंचाला ८ ते १० दात पुरतात. २४ दातांचं ब्लेड त्यात घातलं तर दातांमधल्या जागा चिप्सनी भरतात आणि ब्लेड बाजूला सरकतं. पातळ पाइपला उलट, निदान तीन दात एका वेळी धातूत असले पाहिजेत.

पुढे-मागे फरक असेल तरच स्थिर जबडा ब्लेडशी काटकोनात लावून दोन्ही बोल्ट आवळा. तुकडा आखूड असेल तर जबड्याच्या दुसऱ्या टोकाला तेवढ्याच जाडीचा तुकडा ठेवा, नाहीतर सरकता जबडा तिरका होऊन माल नीट पकडत नाही.

नीट लावलेल्या मशीनवर ५० मिमीला ०.२ मिमीच्या आत फरक मला नेहमी मिळतो, पुढचं लेथवर फेसिंग, म्हणजे तोंड सपाट करून घेणं. चकतीचे चार आकडे कळवा, त्यावरून कोणता बोल्ट किती फिरवायचा ते सांगतो.