‘आमची भाषा ही अशी, तिकडे निभावेल का?’

बेळगावच्या टिळकवाडीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत गेली काही वर्षे पालक एक प्रश्न जवळजवळ त्याच शब्दांत विचारतात. मुलाला किंवा मुलीला पुण्या-मुंबईला जाऊन सिनेमा-मालिकांसाठी अभिनय शिकायचा असतो. फी, राहण्याची सोय, संगत, पुढे पोटापाण्याचे काय, हे सगळे विचारून झाले की उठता उठता, आवाज थोडा खाली आणून ते म्हणतात, “आमची भाषा ही अशी. तिकडं निभावेल का?” मी बरीच वर्षे हा प्रश्न किरकोळ समजत आले आणि हसून टाळत आले. तो किरकोळ नाही, हे मला गौरीने शिकवले. तिचे नाव आणि काही तपशील अर्थातच बदलले आहेत.

गौरी वडगावची. घरात यंत्रमाग आणि वडील साड्या विणणारे. बी.कॉम. झाल्यावर ती मुंबईतल्या एका खासगी अभिनयवर्गात तीन महिन्यांसाठी गेली आणि सातव्या आठवड्यात परत आली. आईची तक्रार मात्र परत येण्याची नव्हती. “आली त्याचं काही नाही हो मॅडम. पण पोर घरात बोलेनाशी झालीय, आणि बोललीच तर परक्या बाईगत बोलते.”

पहिल्या भेटीत मला त्याचा प्रत्यय आला. गौरी निर्दोष मराठी बोलत होती, पण प्रत्येक शब्द ताजव्यात घालून पाहिल्यासारखा. घडले होते ते एवढेच, की वर्गात पोचायला उशीर झाल्यावर ती दारातून म्हणाली होती, “सर, मी आत येतो?” आपल्याकडे बायका-मुली सहज ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात आणि कुणाच्या कानाला ते खटकत नाही, तिथे सगळा वर्ग हसला. पुढे तिला ‘येतो’ हेच नाव पडले, आणि शिक्षकांनीही “आधी भाषा धुऊन ये, मग अभिनयाचं बघू” असे ऐकवले.

मी तिला आधी जे सांगितले त्याचा काहीही उपयोग झाला नाही, हे कबूल करते. १८८० मध्ये मराठी संगीत रंगभूमीला उभे करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, हे मी तिला मोठ्या अभिमानाने ऐकवले. तिने नम्रपणे मान हलवली. दुखावलेल्या माणसाला इतिहास सांगणे ही आम्हा शिकलेल्यांची जुनी खोड आहे.

चौथ्या भेटीत तिच्या आईने दार किलकिले केले आणि म्हणाली, “गौरे, आटप गे. बस जाईल.” गौरी मागे वळून म्हणाली, “तू हो की पुढं, मी येतो मागनं. काय पाय मोडालेत काय तुझे?” दार मिटले. गौरीने तोंडावर हात ठेवला. त्या एका वाक्यात तिचे खांदे खाली आले होते, आवाज एक पट्टी उतरला होता आणि महिनाभर मांडीवर गप्प पडलेले हात बोलू लागले होते.

“आत्ता कोण बोललं?” मी विचारले.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “मीच.”

“आणि मुंबईला कोण गेलं होतं?”

याचे उत्तर तिने दिले नाही. डोळे मात्र भरून आले. वर्गात तिला नोकरी गेलेल्या बाईचे एक स्वगत दिले होते आणि ‘यात भावना नाही’ असा शेरा मिळाला होता. मी तिला तेच स्वगत वडगावच्या बोलीत म्हणायला सांगितले. ती खुर्चीवरून उठून जमिनीवर बसली, जणू शेजारी माग चालू आहे अशा बेताने आवाज चढवला आणि बोलता बोलता मधेच हळू झाली, कारण माग बंद पडला होता. खोलीत माग नव्हता, पण तो थांबल्याचे मला ऐकू आले. मग मी म्हटले, “आता हेच पुस्तकी मराठीत.” यावेळी उच्चार तेवढेच स्वच्छ होते, पण श्वास तिचा स्वतःचा होता. माझ्या कामातले असे क्षण मी बोटांवर मोजू शकेन.

त्या दिवशी मला जे उमगले ते असे, की तोंडातून निघणाऱ्या प्रत्येक शब्दावर पहारा ठेवणाऱ्या माणसाजवळ दुसरे कुणी होण्यासाठी सवडच उरत नाही. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारात घडलेली आहे, आणि घटनेपेक्षा घटनेविषयीचा आपला हट्ट जास्त छळतो, असे मानते. मराठीत हा हट्ट बहुधा एका अक्षरात राहतो. गौरीकडून मी वाक्य लिहवून घेतले: ‘मला प्रमाण मराठी आलीच पाहिजे, नाहीतर मी नटी नव्हेच.’ मग दोन्ही ‘च’ खोडायला लावले आणि शेवटच्या तुकड्याच्या जागी ‘नाही आली तर शिकेन’ असे लिहायला सांगितले. वाचून ती म्हणाली, “मॅडम, ‘च’ काढल्यावर हे गृहपाठासारखं वाटतंय.” तो गृहपाठच होता.

म्हणून पालकांना माझे सांगणे आता निराळे असते. प्रमाण भाषा शिकायलाच नको, असे मी म्हणत नाही. ज्याला दहा प्रकारची माणसे उभी करायची आहेत त्याच्या पेटीत तोही एक पोशाख हवा. पण शिकवणारा घरचे कपडे जाळायला सांगत असेल तर तो शिक्षक ओळखण्यात चूक झाली आहे. वर्ग निवडताना एका तुकडीत किती मुले असतात, प्रत्येकाला आठवड्यातून किती वेळा कॅमेऱ्यासमोर उभे करतात आणि केलेले काम पडद्यावर दाखवून त्यावर बोलतात का, हे विचारावे. भूमिका मिळवून देण्याची हमी देणाऱ्या आणि ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्या माणसाकडे पाठ फिरवावी.

घाईही करू नये. पुण्याची फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या जागेत सुरू झाली, आणि प्रभात मुळात १९२९ साली आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेली. तिथल्या पडद्यावरील अभिनयाच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, त्यामुळे आधी पदवी पुरी करण्यात वेळ वाया जात नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे शिक्षण तीन वर्षांचे असते आणि विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते. कन्नड येणाऱ्या मुलांनी तर शिवमोग्गा जिल्ह्यातल्या हेग्गोडूच्या नीनासमचाही विचार करावा; तिथे १९८० पासून नाट्यशिक्षण चालू आहे. घरी मराठी, बाजारात कन्नड, टीव्हीवर हिंदी, अशा तीन भाषांत वाढलेल्या मुलाच्या कानाची तयारी फी भरून मिळत नाही, आणि सीमेवरच्या पालकांना नेमके तेच सांगावे लागते, कारण भाषेच्या भांडणात इतकी वर्षे गेल्यामुळे आपण तिच्याकडे संपत्ती म्हणून पाहायचे विसरलो आहोत.

गौरीने अजून पुण्याचा अर्ज भरलेला नाही. मध्यंतरी तिचा फोन आला. बेळगावातच एका कन्नड नाटकाच्या तालमीला ती जाऊ लागली आहे आणि तिथले दिग्दर्शक तिचे कन्नड मराठीसारखे वाजते म्हणून रोज ओरडतात, हे तिने मला त्यांची नक्कल करून सांगितले. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आले. मग मागून कुणीतरी तिला हाक मारली.

“बोलावालेत मॅडम,” ती घाईने म्हणाली, “ठेवतो.”