वाचक विचारतात: उन्हाळ्याची सुट्टी आणि प्रयोगशाळा

उन्हाळी इंटर्नशिपबद्दल आलेल्या पत्रांतून या वेळी चार निवडली आहेत. सर्वांत लांब उत्तर शेवटच्या पत्राला आहे. प्रयोगशाळेत जागा मिळाल्यावर खरी अडचण कुठे येते, ते त्या पत्रात आहे.

प्रश्न: मी एमबीबीएस दुसऱ्या वर्षाला आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) एसटीएस या योजनेसाठी ‘मधुमेहाच्या २०० रुग्णांतील ड जीवनसत्त्वाचे प्रमाण’ हा विषय घेतला आहे. दोन महिन्यांत होईल का? (सांगली)

विषय चांगला आहे, पण आकडा झेपणार नाही. शॉर्ट टर्म स्टुडंटशिप (एसटीएस) ही योजना १९७९ पासून चालू आहे, आणि ती आहे दोन महिन्यांची. रविवार वगळले तर हाती ५० दिवस उरतात. म्हणजे रोज चार रुग्ण. प्रत्येकाला माहिती देणं, संमतीपत्र, इतिहास आणि रक्त काढणं यात अर्धा तास सहज जातो. त्यात काही जण नकार देणार, ते वेगळेच.

आता एलायझाच्या (रक्तातलं प्रमाण रंगावरून मोजणाऱ्या चाचणीच्या) किटकडे बघा. प्लेटला ९६ खाचा असतात. शून्य धरून आठ स्टँडर्ड (प्रमाण आधीच ठाऊक असलेली द्रावणं) दोनदा लावले की १६ गेल्या, दोन कंट्रोल (चाचणी बरोबर चालली का ते पडताळणारे नमुने) दोनदा लावले की आणखी ४. उरल्या ७६. प्रत्येक नमुना दोनदा लावायचा, म्हणजे एका किटमध्ये ३८ नमुने बसतात. दोनशे नमुन्यांना सहा किट लागतील. त्यांचा खर्च कोण करणार, हे गाइडना आजच विचारा. किट वेगवेगळ्या लॉटचे आले तर त्यांच्यातला फरकही तुमच्या निष्कर्षात मिसळतो. म्हणून एकाच किटवर होईल असा नेमका प्रश्न घ्या. तो छोटा असला तरी त्याचं उत्तर पूर्ण मिळेल.

गाइड तुमच्याच कॉलेजचे पूर्णवेळ अध्यापक असावे लागतात. नैतिकता समितीची मंजुरी हातात आल्याशिवाय एकाही रुग्णाचं रक्त काढू नका, कारण मागच्या तारखेने मंजुरी मिळत नाही. समितीच्या बैठका रोज होत नाहीत, तेव्हा प्रस्ताव आणि मराठी संमतीपत्र दोन-तीन महिने आधीच द्या. संमतीपत्र मराठीत लिहिणं म्हणजे इंग्रजीतला मजकूर शब्दाला शब्द लावून उतरवणं नव्हे. ‘किती रक्त काढणार’ याचं उत्तर ‘एक छोटा चमचा, पाच मिलिलिटर’ असं लिहा. विद्यावेतन अहवाल मंजूर झाल्यावर मिळतं, त्यामुळे त्या पैशांवर किट घ्यायचा विचार करू नका.

प्रश्न: बीएस्सी मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. चाळीस शास्त्रज्ञांना ईमेल केले, एकाचंही उत्तर नाही. काय चुकलं? (लातूर)

चाळीसही जणांना एकच मजकूर गेला असावा. ‘आदरणीय सर/मॅडम, मला संशोधनाची आवड आहे’ अशी पत्रं त्यांच्याकडे रोज येतात आणि पहिल्या ओळीतच ओळखू येतात. आठच प्रयोगशाळा निवडा. प्रत्येकीचा अलीकडचा एक शोधनिबंध वाचा आणि त्यातली न समजलेली एक गोष्ट विचारा. पत्र दीडशे शब्दांच्या वर नको. त्यात चार गोष्टी हव्यात: कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत येऊ शकता, स्वतःच्या हाताने काय केलं आहे (ग्रॅम स्टेनिंग, सीरियल डायल्यूशन, जेल लावणं), कोणते शिक्षक शिफारस देतील आणि राहण्याची सोय काय. जे केलेलं नाही ते लिहू नका. पहिल्याच दिवशी ते उघड होतं. दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण पाठवा, पण एकदाच.

शिवाय इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस, इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) आणि नासी (नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेस, इंडिया) या तीन अकादम्यांची मिळून आठ आठवड्यांची उन्हाळी फेलोशिप असते, त्यासाठी अर्ज करा. पुण्यातल्या एनसीसीएस (पेशीविज्ञान), एनआयव्ही (विषाणू) आणि आयसर (विज्ञान शिक्षण व संशोधन), परळची एनआयआरआरसीएच (प्रजनन आरोग्य) आणि खारघरचं कर्करोग संशोधन केंद्र अॅक्ट्रेक यांच्या संकेतस्थळांवर दिवाळीनंतर लक्ष ठेवा. परीक्षा संपल्यावर शोधायला लागलं की उशीर झालेला असतो.

प्रश्न: मुलीला एका खासगी संस्थेने पंधरा दिवसांच्या ‘संशोधन इंटर्नशिप’साठी अठरा हजार रुपये मागितले आहेत. शिवाय रक्ताचे नमुने हाताळायचे म्हणून घरात काळजी आहे. (नाशिक)

पैशांचं आधी. काही संस्था साहित्याच्या खर्चासाठी शुल्क घेतात, तेवढ्याने ती फसवणूक ठरत नाही. पण तिथे तीन गोष्टी विचारा: प्रकल्प कोणाचा, एका तुकडीत किती मुलं, आणि पिपेट (थोडा द्रव अचूक मोजून घ्यायचं साधन) मुलीच्या हातात असणार की ती नुसती बघणार? तीस मुलांची तुकडी असेल तर तो प्रशिक्षण वर्ग आहे. वर्ग म्हणून पटत असेल तर जरूर करा, संशोधन समजून मात्र पैसे भरू नका.

काळजी रास्त आहे, आणि तिच्यावर उपाय आहे. हिपॅटायटिस-बीच्या लशीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा एका महिन्याने, तिसरा सहाव्या महिन्यात. मे महिन्यात जायचं तर पहिला डोस नोव्हेंबरात घ्यायला हवा. एप्रिलमध्ये निवड झाल्यावर जागं होऊन उपयोग नाही. लहानपणी लस झाली असेल तर कार्ड शोधा आणि डॉक्टरांना दाखवा. मुलीला एवढं पाठ असू द्या: सुईला टोपण परत लावायचं नाही, सुई पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. टोचलीच तर साबण-पाण्याने धुवायचं, जखम पिळायची नाही आणि लगेच सांगायचं. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत सुरू करावीत, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग उरत नाही. ओरडा बसेल म्हणून गप्प राहणारी मुलं असतात. आईवडिलांनी याबद्दल निघण्याआधीच बोलून ठेवावं.

प्रश्न: इंटर्नशिप चालू आहे. एलायझात एकाच नमुन्याच्या दोन खाचांची वाचनं जुळत नाहीत. गाइड म्हणतात ‘हात बसलेला नाही’. हात बसवायचा कसा? (कोल्हापूर)

ग्रॅमचे चार दशांश दाखवणारा तराजू, एक छोटं भांडं आणि खोलीच्या तापमानाचं डिस्टिल्ड पाणी घ्या. पिपेट १०० मायक्रोलिटरवर लावा. दहा वेळा पाणी सोडा आणि दर वेळी वजन लिहा. प्रत्येक वजन १०० मिलिग्रॅमच्या जवळ यायला हवं. दहाही वजनं ९४-९५ अशी एकसारखी कमी आली तर आधी टोक (पिपेटला लावायची प्लास्टिकची नळी) घट्ट बसलंय का ते बघा. बसलं असेल तर दोष पिपेटचा, ती कॅलिब्रेशनला (माप तपासून जुळवून घ्यायला) द्या. एक ९३, पुढचं १०४, त्यापुढचं ९८ असं आलं तर दोष हाताचा.

हाताच्या चुका ठरलेल्या आहेत. पिपेटचं बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं. द्रव ओढताना पहिल्या टप्प्यापर्यंतच दाबायचं, सोडताना दुसऱ्यापर्यंत. घाईत ओढतानाच दुसऱ्या टप्प्यावर गेलात तर जास्त द्रव येतो. टोक दोन-तीन मिलिमीटरच बुडवा, खोल बुडवलं तर बाहेरून थेंब चिकटतो. पिपेट उभी धरा, बटण सावकाश सोडा आणि टोक बाहेर काढण्याआधी एक सेकंद थांबा. नवं टोक दोन-तीन वेळा त्याच द्रवाने भरून रिकामं करा. हजार मायक्रोलिटरच्या पिपेटने शंभर मोजू नका.

सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) पाण्यासारखं वाहत नाही, टोकाच्या आतल्या भिंतीला धरून राहतं. त्यासाठी उलटी पद्धत वापरा: दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबून ओढा, पहिल्यापर्यंतच सोडा, टोकात उरलेलं टाकून द्या. फ्रीजरमधले नमुने पूर्ण वितळून, हलक्या हाताने मिसळून आणि खोलीच्या तापमानाला आणूनच घ्या. वितळताना वरचा थर पातळ आणि खालचा दाट होतो. न मिसळता घेतलं तर हात कितीही स्थिर असला तरी वाचन चुकणार.

एवढं करूनही जुळलं नाही तर प्लेट तपासा. फक्त कडेच्या खाचा बिघडत असतील तर प्लेट थंडच वापरली गेली असेल किंवा झाकण नीट बसलं नसेल. धुतल्यावर प्लेट उलटी करून टिपकागदावर जोरात आपटा. खाचेत राहिलेलं पाणी पुढचं द्रावण पातळ करतं. सबस्ट्रेट (रंग आणणारं द्रावण) ज्या क्रमाने आणि ज्या वेगाने घातलं, त्याच क्रमाने आणि वेगाने स्टॉप सोल्यूशन (रंग वाढणं थांबवणारं द्रावण) घाला. एकेक खाच भरत शेवटच्या ओळीला पोचेपर्यंत काही मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ पहिल्या ओळीचा निळा रंग वाढत असतो. आठ तोंडांची पिपेट मिळाली तर ती मागून घ्या.

न जुळलेली वाचनं खोडू नका. किती टक्के फरक चालेल ते गाइडबरोबर आधी ठरवा. त्याहून जास्त फरक असेल तो नमुना पुन्हा लावा, आणि वहीत दोन्ही वेळचे आकडे पेनाने, तारखेसह राहू द्या. पाण्याची परीक्षा आठवडाभर रोज सकाळी दहा मिनिटं करा आणि ती वजनंही त्याच वहीत लिहा. पुढच्या वेळी ‘हात बसलेला नाही’ असं ऐकलंत, तर ते पान गाइडपुढे ठेवता येईल.